त्वरणमापकाला 'पूर्वग्रह' असतो का?

तरंगिणी : विमानाच्या हेलकाव्यांमुळे सिंथेटिक अपर्चर रडारची (उडता उडता घेतलेले रेडिओ-प्रतिध्वनी जुळवून जमिनीचे चित्र काढणाऱ्या रडारची) प्रतिमा धूसर होऊ नये, म्हणून अँटेनाजवळ त्वरणमापकासारखे गतिसंवेदक बसवतात. त्यांच्या चाचणीचा अहवाल मराठीत आणताना हाताशी असलेल्या कोशात 'अॅक्युरसी' (वाचन खऱ्या किमतीच्या जवळ असणे) आणि 'प्रिसिजन' (पुन्हा पुन्हा घेतलेली वाचने एकमेकांच्या जवळ असणे) या दोहोंसाठी 'अचूकता' मिळाले, तर 'बायस'साठी, म्हणजे वाचनात कायम मिसळलेल्या चुकीसाठी, 'पूर्वग्रह'. जाणकारांनी मार्ग सुचवावा.

शब्दवेध : 'अॅक्युरसी'साठी अचूकता, 'प्रिसिजन'साठी नेमकेपणा. यात अडचण कसली?

जुना तंत्रज्ञ : अडचण आहे. विमानाचे स्थान सतत 1 मीटर बाजूला दाखवले गेले, तर चित्र जवळजवळ तेवढेच सरकते, धूसर होत नाही. मात्र एक्स पट्ट्यात (रडारच्या एका वारंवारता-पट्ट्यात) तरंगलांबी सुमारे 3 सेंटिमीटर असते आणि लहर जाऊन परत येते, त्यामुळे नोंद न झालेल्या साडेसात मिलिमीटर हालचालीनेही फेज, म्हणजे लहरीच्या चक्रातली जागा, 180 अंशांनी चुकते. त्वरणमापकाच्या बायसमुळे स्थानातली चूक अशीच वाढत जाते, म्हणजे इथे 'बायस'चाच शब्द नीट ठरायला हवा. त्वरणमापक मेजावर आधी सुलटा, मग उलटा ठेवतात. गुरुत्व तेवढेच, दिशा मात्र विरुद्ध. वाचने +9.83 आणि −9.79 आली, तर बेरजेचे निम्मे, म्हणजे 0.02 मीटर प्रतिसेकंदवर्ग, हा बायस. तेवढ्याने पहिल्याच सेकंदात स्थान 1 सेंटिमीटरने चुकते. याला पूर्वग्रह म्हणणे हास्यास्पद आहे.

शब्दवेध : मग 'पासंग' म्हणा. रिकाम्या तराजूची पारडी समान नसली, तर आपण काटा पासंग मारतो असे म्हणतोच.

मायबोलीप्रेमी : 'संग' म्हणजे फारसीत दगड. इंग्रजी घालवून फारसी आणण्यात कोणते भाषाप्रेम आहे? 'शून्यविचलन' हा निर्दोष शब्द उपलब्ध आहे.

शब्दवेध : निर्दोष आहे, पण प्रयोगशाळेत तो उच्चारणार कोण? 'पासंगालाही पुरणार नाही' असे म्हणताना आपल्याला फारसी आठवते का?

जुना तंत्रज्ञ : माझा आक्षेप वेगळा आहे. आमच्याकडे पारडी समान करण्यासाठी बांधलेल्या वजनाला पासंग म्हणत, म्हणजे तो दोष नव्हे, दोषावरची दुरुस्ती झाली. शिवाय बायस तापमानाबरोबर बदलतो. म्हणून संवेदक तापमान-कक्षात ठेवून तीच उलटसुलट चाचणी पुन्हा घ्यावी लागते. मी 'बायस'च लिहीन.

मायबोलीप्रेमी : तसे असेल तर 'तापमानसापेक्ष शून्यविचलन' लिहावे. मुद्दा अधिकच स्पष्ट होतो.