मदत हवी आहे : मिझोरमची दारूबंदी आणि चर्च

आमच्या गावात आडवी बाटलीच्या, म्हणजे दारूचं दुकान बंद करण्याच्या, मतदानाची तयारी चालू आहे. बायका सह्या गोळा करत दारोदार फिरतायत. परवा एकीने नवऱ्यापासून लपवून, चुलीपाशी बसून अंगठा दिला. त्यांना मिझोरमबद्दल सांगायचंय. तिथे चर्चच्या रेट्यामुळे १९९५ साली दारूबंदीचा कायदा झाला, २०१५ मध्ये दुकानं उघडली आणि २०१९ मध्ये विधानसभेने पुन्हा बंदी आणली. प्रेस्बिटेरियन सिनॉडने, म्हणजे तिथल्या प्रेस्बिटेरियन चर्चच्या मुख्य सभेने, हा विषय वर्षानुवर्षं लावून धरला, हे मला फार मोलाचं वाटतं.

आमदारांपर्यंत सिनॉडचे लोक आपलं म्हणणं नेमकं कसं पोचवत? निवेदनं, की गावोगावच्या चर्चच्या मंडळ्यांमधून ठराव? ऐझॉलला राहिलेलं कुणी आहे का? बंदीनंतर घरात काय बदललं, तेही कृपया सांगा.