मदत हवी आहे: इंग्लंडमध्ये जीसीएसईला (इथली दहावीसारखी परीक्षा) कंबाइन्ड सायन्स घेतलं तर पुढे अडतं का?

मंडळी, दीड वर्षापूर्वी नाशिकहून इंग्लंडला आलो. लेक इयर नाइनमध्ये (आपली साधारण आठवी) आहे. सहावीपर्यंत तिकडे सेमी-इंग्रजीला होती. गेल्या आठवड्यात शाळेतून विषयनिवडीचा कागद आला. त्यात विज्ञानापुढे सरळ 'कंबाइन्ड' छापलेलं! ट्रिपल, म्हणजे तिन्ही विज्ञानं वेगवेगळी, फक्त पहिल्या सेटच्या (प्रगतीनुसार पाडलेला गट) मुलांना, आणि ही दुसऱ्या सेटमध्ये. तिला जनावरांची डॉक्टर व्हायचंय, म्हणून माझा जीव टांगणीला.

आपल्याकडे दहावीला विज्ञान भाग 1 आणि भाग 2, दोन्ही 40-40 चे, वर 20 प्रात्यक्षिकाचे. अख्ख्या वर्गाला एकच विज्ञान. इथे मला एवढंच कळलंय की कंबाइन्डमध्येही बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स तिन्ही असतात, पण धरतात दोन जीसीएसई, आणि ग्रेड 7-6 अशी जोडीने येते. ट्रिपलच्या तीन वेगळ्या. शाळेचं परीक्षा बोर्ड एक्यूए आहे. पेपर दोन्हीकडे सहाच, कंबाइन्डचे सव्वा तासाचे 70 गुणांचे, ट्रिपलचे पावणेदोन तासांचे 100 गुणांचे. ताऱ्यांचा धडा फक्त ट्रिपलच्या फिजिक्सला आहे हे ऐकून बाईसाहेब रुसल्यात, ते वेगळंच.

कंबाइन्डवर पुढे ए लेव्हलला (आपली अकरावी-बारावी) बायॉलॉजी, केमिस्ट्री मिळते का? की शाळेशी भांडू?

दुसरं, प्रयोगावरच्या सहा गुणांच्या प्रश्नात ती हमखास मार खाते. प्रयोग येतो, पण उत्तर दोन ओळींत संपवते. कशी तयारी करून घ्यावी?

कढीपत्ता: ताई, माझा मुलगा कंबाइन्डवरूनच ए लेव्हलला बायॉलॉजी-केमिस्ट्री करतोय. आमच्या सिक्स्थ फॉर्मची (जिथे ए लेव्हल करतात) अट 6-6 होती, शेजारच्या कॉलेजात 7-7. तुमच्या भागातल्या दोन-तीन ठिकाणच्या अटी आत्ताच वाचून ठेवा. भांडायचंच तर टिअरवरून, म्हणजे पेपर सोपे (फाउंडेशन) की अवघड (हायर) यावरून भांडा. फाउंडेशनला बसवलं की 5-5 च्या वर ग्रेडच नाही. आणि कंबाइन्डमध्ये सहाही पेपर एकाच टिअरचे द्यावे लागतात. बायॉलॉजी हायर नि फिजिक्स फाउंडेशन असं चालत नाही, त्यामुळे एक कच्चा विषय बाकीच्या दोघांना खाली ओढतो. फिजिक्सची सूत्रं सध्या पेपरसोबत छापून मिळतात, पाठ करण्यात महिने घालवू नका.

पाटीपेन्सिल: प्रयोगांबद्दल. इथे प्रात्यक्षिकाचे वेगळे गुण नसतात, सगळं लेखी पेपरातच विचारतात. एक्यूएचा सहा पेपरांचा कंबाइन्ड कोर्स म्हणजे ट्रिलॉजी, त्याला ठरवून दिलेले 21 प्रयोग आहेत. आम्ही रविवारी स्वयंपाकघरात बटाट्याच्या फोडी मिठाच्या वेगवेगळ्या पाण्यात ठेवायचो, आधी-नंतर वजन. मग लेकीला म्हणायचे, आता हे आजीला फोनवर असं सांग की तिला तिकडे जसंच्या तसं करता आलं पाहिजे. आजी विचारायची, "अगं पण किती वेळ? पाणी किती? आणि फोडी लहानमोठ्या झाल्या तर?" बदलायचं काय, मोजायचं काय, तेच ठेवायचं काय, हे त्या प्रश्नांतूनच तिच्या डोक्यात बसलं.

धागाकर्ती: दोघांचे आभार. टिअरची भानगड मला माहीतच नव्हती. गुरुवारी पेरेंट्स ईव्हनिंग आहे, सायन्सच्या सरांकडे पाच मिनिटं मिळतात, आधी तेच विचारते. बटाटे आहेत घरात. आई नाशिकला झोपायच्या आत फोन लावायला हवा.