‘ओन्ली’ म्हणजे ‘च’ का?

प्रश्न : कोल्हापुरी चपलेचं पार्सल आजच निघतंय, हे परगावच्या गिऱ्हाइकाला इंग्रजीत कळवायचंय. आपल्याकडे सर्रास ‘वुई विल सेंड इट टुडे ओन्ली’ लिहितात. बरोबर आहे का?

उत्तर : नाही. वाचणारा समजेल, आज पाठवलं तर पाठवलं, उद्यापासून बंद. ‘ओन्ली’ बाकीचं वगळतो, एवढंच त्याचं काम. आपला ‘च’ वगळतोही आणि नुसता जोरही देतो. ‘आजच’मध्ये जोर आहे, वगळणं नाही. इंग्रजीत असा जोर बोलताना आवाजावर येतो. लिहिताना ‘वुई आर सेंडिंग इट टुडे’ पुरे.

उत्तर : क्रियापदावरच्या ‘च’ला तर ‘ओन्ली’ कधीच लावू नये. ‘तो येणारच’ म्हणजे नक्की येणार, तिथं ‘डेफिनेटली’. ‘मीच केलं’ला ‘इट वॉज मी’. ‘एकुलता एक’ मात्र सरळ ‘ओन्ली चाइल्ड’. तिथं तो विशेषण आहे. मुळात शब्दच ‘वन’ला ‘ली’ लागून झालाय, उच्चार तेवढा वेगळा पडला.

प्रश्न : आणि वाक्यात तो ठेवायचा कुठं?

उत्तर : आधी मराठी वाक्य करा, ‘च’ कशाला चिकटतो ते बघा, त्या शब्दाच्या अगदी आधी ‘ओन्ली’ ठेवा. ‘वुई ओन्ली सेल जॅगरी इन द मार्केट यार्ड ऑन मंडेज’ घ्या. गूळच विकतो? मार्केट यार्डातच? की सोमवारीच? बोलताना आवाजावरून कळतं, कागदावर तिन्ही अर्थ निघतात. सोमवारीच म्हणायचं असेल तर ‘ओन्ली ऑन मंडेज’. मराठीत ही भानगड नाही, ‘च’ ज्याचा त्यालाच चिकटतो, तोही विभक्तीनंतर : यार्डातच, सोमवारीच.

पाटीवर शेवटी आलेला चालतो. ‘पार्किंग फॉर कस्टमर्स ओन्ली’ अगदी शुद्ध आहे, कारण तिथं खरंच बाकीच्यांना वगळायचंय.

उत्तर : खरा घोळ वेळेत होतो, तिकडं कुणी बघत नाही. ‘राधानगरीची एसटी दहालाच आली’ म्हणजे आपल्या अपेक्षेपेक्षा लवकर आली. ‘द बस केम ओन्ली ॲट टेन’ म्हणजे उशिरा आली, दहापर्यंत पत्ताच नव्हता. अर्थ थेट उलटा! या ‘ओन्ली’ला मराठीत ‘च’ नव्हे, ‘कुठं’ लागतो : ‘दहाला कुठं आली एसटी.’ लवकर आली असेल तर इंग्रजीत ‘ॲज अर्ली ॲज टेन’. पण ‘इट्स ओन्ली टेन’ला परत ‘दहाच वाजलेत’. म्हणजे घड्याळात किती वाजले ते सांगताना ‘च’ जुळतो, काही घडल्याची वेळ सांगताना फसवतो.

प्रश्न : मग ‘फक्त’ लावला तर?

उत्तर : भावा, ‘फक्त’ (गावाकडचा ‘फकस्त’) सगळ्यात सुरक्षित. तो अरबीतून आला आणि वगळण्याच्या कामाला पक्का आहे. ‘फक्त आज’ म्हणून बघायचं. अर्थ बिघडला नाही तर ‘ओन्ली’ चालतो. चेकवर ‘रुपये पाचशे फक्त’ लिहितात ते पुढं कुणी आकडा वाढवू नये म्हणून, तिथला ‘ओन्ली’ही त्याचसाठी. रक्कम कमी आहे असं काही त्यात नसतं.

‘मात्र’चं जरा जपून. चेकवर तो ‘फक्त’च्या जागी चालतो, पण ‘मी मात्र येणार नाही’मध्ये त्याचा ‘पण’ होतो. गंमत म्हणजे ‘ओन्ली’ही तसाच घसरतो : ‘आय वुड कम, ओन्ली आय हॅव नो टाइम’. आलो असतो, पण वेळ नाही.

प्रश्न : म्हणजे पार्सलला नुसतं ‘टुडे’?

उत्तर : नुसतं ‘टुडे’. ‘टुडे ओन्ली’ सेलच्या पाटीला ठेवा, तीही एकाच दिवसाचा सेल असेल तर.