नळी वाकवायचं यंत्र कोणतं घेतलंत? अनुभव लिहा

नमस्कार मंडळी,

घरच्या गॅरेजमध्ये एक जुनी उघडी गाडी नव्यानं उभी करतोय. पुढचा बंपर झाला, आता सीटमागची कमान, म्हणजे गाडी उलटली तर डोकं वाचवणारा रोल बार करायचाय. हाताशी जॅकवर चालणारा हायड्रॉलिक पाईप बेंडर होता. दीड इंची, 2.5 मिमी जाडीची नळी त्यात घातली. तीसेक अंशांपर्यंत सगळं ठीक दिसलं, मग वाकाच्या आतल्या बाजूला घडी पडली आणि नळी चपटी झाली. दुसरीचंही तेच झालं. आता यंत्र घ्यायचंय आणि एकदाच घ्यायचंय. ज्यांनी स्वतःच्या हातानं नळ्या वाकवल्यात त्यांनी लिहावं: काय घेतलं, कशासाठी, आणि आज पुन्हा वेळ आली तर तेच घ्याल का. चुकलेलं काम आवर्जून लिहा, त्याचा उपयोग जास्त होतो.

* * *

माझ्या पहिल्या दोन नळ्या अशाच गेल्या, म्हणून कारण सांगतो. ते यंत्र पाईपसाठी आहे आणि तुम्ही त्यात ट्यूब घातलीत. ट्यूब बाहेरच्या व्यासानं मोजतात, त्यामुळे दीड इंची ट्यूब बाहेरून खरोखर 38.1 मिमी भरते. पाईपचं माप मात्र नावापुरतं असतं: एक इंची पाईप बाहेरून 33.4 मिमी, सव्वा इंची 42.2 आणि दीड इंची 48.3. म्हणजे त्या संचातला एकही साचा तुमच्या नळीला घट्ट बसत नाही. बाजूंना आधार मिळाला नाही की गोल नळी पसरते, आणि पसरली की चेपायला वेळ लागत नाही.

शिवाय त्यात साचा नळीच्या मध्यावर रेटला जातो आणि दोन्ही टोकांना रोलर तिला अडवतात. जाड भिंतीचा पाईप हे सोसतो. पातळ नळीला रोटरी ड्रॉ बेंडर लागतो. त्यात नळी डायला, म्हणजे खाच असलेल्या गोल साच्याला पकडलेली असते आणि डाय फिरेल तशी तिच्याभोवती ओढली जाते. वाक ज्या जागी पडतोय तिथे आतून डायची खाच आणि बाहेरून सरकपट्टी, असा दोन्हीकडून आधार राहतो. मी जुनं यंत्र ठेवलंय, पण गाडीच्या नळीला ते लावत नाही.

* * *

हातानं ओढायचा रोटरी ड्रॉ बेंडर माझ्याकडे पाच वर्षं आहे आणि मी पुन्हा तोच घेईन. मात्र घेताना सगळे यंत्राची चौकशी करतात आणि डायची करत नाहीत. प्रत्येक व्यासाला आणि प्रत्येक त्रिज्येला वेगळी डाय लागते. माझ्या तीन डाय मिळून यंत्राच्या सांगाड्यापेक्षा महाग पडल्या. आधी कागदावर नळी ठरवा, मग तिची डाय कुठल्या यंत्राला मिळते ते बघा.

आणि जागा मोजा. यंत्र काँक्रीटमध्ये बोल्ट रोवून घट्ट बसवावं लागतं. दांडा पुरुषभर लांबीचा, तो फिरायला मोकळी जमीन हवी. शिवाय वाकवताना नळीचं मोकळं टोक मोठा चाप घेत फिरतं. माझं यंत्र पहिल्यांदा भिंतीपासून एक हातावर बसवलं होतं. कमानीचा दुसरा वाक घेताना पहिला वाकलेला पाय भिंतीला भिडला. बोल्ट कापून सगळं पुन्हा रोवावं लागलं. जिथे जमीन खोदता येत नाही तिथे हायड्रॉलिक रॅमवर चालणारं उभं यंत्र बघा, त्यात नळी वरच्या दिशेनं वाकते. पण मग छताची उंची मोजा.

* * *

मी बग्गीचा पूर्ण सांगाडा घरी केला, तेव्हा यंत्रापेक्षा वहीनं मला जास्त वाचवलं. दीड इंची नळीला साडेचार इंची त्रिज्येची डाय वापरते, म्हणजे मध्यरेषेवर 114.3 मिमी. कोपऱ्यापर्यंत सरळ मोजलं तर 90 अंशांच्या वाकाला दोन्हीकडून 114.3 धरून 228.6 मिमी लागेल असं वाटतं. प्रत्यक्षात नळी कोपरा कापून जाते आणि चापाची लांबी 179.5 मिमी भरते. हे 49 मिमी मी पहिल्या कमानीत धरलेच नाहीत. दोन वाक म्हणजे जवळजवळ 10 सेंटीमीटर! दुसऱ्या वाकाची खूण पुढे पडली आणि कमान दाराच्या खांबांपेक्षा रुंद निघाली. ती नळी नंतर तिरक्या आधारांना कापून वापरली, पण त्या संध्याकाळचं वाईट वाटणं अजून आठवतं.

आता प्रत्येक नव्या लॉटमधून आधी एक तुकडा वाकवते. दांडा सोडला की लोखंड थोडं मागे उलगडतं. माझ्या साध्या पोलादाला 90 हवे असतील तर 93 पर्यंत ओढावं लागतं. क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनमचं मिश्र पोलाद) नळी याहून जास्त उलगडते. यंत्रावरची अंशांची चकती मी फक्त अंदाजाला वापरते, खरा कोन नळीवर डिजिटल कोनमापक ठेवून बघते. वाक कुठून सुरू होतो तेही त्या तुकड्यावर खूण करून डायशी ताडून घेते.

दोन वाक एकाच प्रतलात यायला हवेत, हे कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. नळीच्या अंगावर टोकापासून टोकापर्यंत एक सरळ रेघ ओढा, आणि दुसरा वाक घेण्याआधी पहिल्या पायावर स्पिरिट लेव्हल लावून बघा. एका अंशाचा पीळही कमान जमिनीवर ठेवली की लगेच दिसते.

* * *

कमान स्पर्धेच्या गाडीला असेल तर डाय ठरवण्याआधी नियम वाचा. मी ते उलट क्रमानं केलं. एफआयए या जागतिक मोटारस्पर्धा संस्थेच्या नियमांतलं, अपेंडिक्स जे मधलं कलम 253 मुख्य कमानीला बिनसांध्याची (लांबीभर वेल्डची रेघ नसलेली), थंड ओढलेली कार्बन पोलादाची नळी मागतं: 45 मिमी व्यास आणि 2.5 जाडी, किंवा 50 मिमी आणि 2.0. ताणशक्ती किमान 350 मेगापास्कल. वाक थंडच घ्यायचा, मध्यरेषेची त्रिज्या व्यासाच्या किमान तिप्पट, आणि वाकात नळी लंबगोल झाली तर लहान व्यास मोठ्याच्या 0.9 पट तरी राहायला हवा.

माझ्याकडे पावणेदोन इंची डाय होती, म्हणजे 44.45 मिमी. पाऊण मिमीपेक्षाही कमी फरक, चालून जाईल असं वाटलं. 45 ची नळी खाचेत पूर्ण बसलीच नाही, दोन्ही बाजूंना ओरखडे पडले. शेवटी मिलीमीटरमधली डाय घ्यावी लागली. स्पर्धा नसली तरी हा 0.9 चा नियम मी प्रत्येक वाकाला लावतो. व्हर्नियर घ्या, दोन दिशांनी मोजा, भागाकार करा. मिनिटभराचं काम आहे.

* * *

ज्यांना सायलेन्सरच्या नळ्या करायच्यात त्यांनी रोटरी ड्रॉ बेंडर घेऊ नये. त्या नळ्या दीड मिमीच्या आसपास पातळ असतात, वाकवताना आत मँड्रेल, म्हणजे नळी चेपू नये म्हणून आतून आधार देणारा दांडा हवा, आणि मँड्रेल बेंडर घरच्या आवाक्यातला नाही. मी तयार मँड्रेल वाक आणतो, हवा तेवढा कोन कापतो आणि सरळ तुकड्यांना जोडतो. तीन गाड्या अशाच केल्या.

* * *

ब्रेकच्या नळीबद्दल दोन ओळी. 4.75 मिमीच्या नळीला हाताएवढा छोटा बेंडर पुरतो. तांबं-निकेलची नळी घ्या, ती पोलादापेक्षा कितीतरी सहज वळते आणि गंजत नाही. फ्लेअर करण्याआधी, म्हणजे नळीचं टोक फुलवण्याआधी नट आत घातलाय ना, ते बघा.

* * *

कुणीतरी नळीत वाळू भरून तापवण्याचा सल्ला देईलच, म्हणून आधीच लिहितो. ओल असलेली वाळू भरून, दोन्ही टोकं बंद करून नळी तापवली की आत वाफ होते. माझ्या समोर एका टोकाचा बूच बंदुकीच्या गोळीसारखा उडाला. त्या टोकासमोर कुणी उभं नव्हतं. शिवाय तापवलेल्या नळीची ताकद काय राहिली ते बाहेरून कळत नाही. ज्या नळीखाली माणूस बसणार आहे ती थंडच वाकवा. आणि कमानीजवळ डोकं येत असेल तर तिथे दाट पॅडिंग लावा. सगळं लक्ष वाकात जातं आणि हे राहून जातं.

* * *

सगळ्यांचे आभार. दोन दिवस हे पुन्हा पुन्हा वाचलं. मला स्पर्धा करायची नाही, म्हणून दीड इंची नळी आणि साडेचार इंची त्रिज्येची एकच डाय ठरवली. आज गॅरेजच्या जमिनीवर खडूनं दांड्याचा आणि नळीचा चाप काढून बघितला. दार उघडं ठेवलं तर बसतो. एक शंका उरली: माझी नळी सांध्याची आहे. वाकवताना सांधा कुठे ठेवायचा?

* * *

वाकाच्या आत नाही आणि बाहेरही नाही. बाहेर तो ताणला जातो, आत दाबला जातो. बाजूला ठेवा, म्हणजे यंत्र आडवं असेल तर सांधा वर किंवा खाली. बाहेरून दिसत नसेल तर कापलेल्या टोकातून टॉर्च मारा, आतली रेघ दिसेल. खडूनं खूण करा, मगच पकड लावा. आणि सरकपट्टीला ग्रीस.