बग दोघांकडे, पॅच एक: रेडिसला द्यावा की व्हॅलकीला?

अर्धविराम:
रेडिस या मेमरीत चालणाऱ्या डेटाबेसमध्ये एक मेमरी लीक सापडली आहे. एरर आली की फंक्शन मधूनच परततं आणि आधी घेतलेला बफर (मेमरीचा तुकडा) मोकळा करायचा राहून जातो. दुरुस्ती (पॅच) चार ओळींची, सोबत एक टेस्ट. कोड जुना आहे, म्हणून हाच बग व्हॅलकीतही आहे. (मार्च २०२४ मध्ये रेडिसने बीएसडी हे जवळपास बिनअटींचं मुक्त लायसन्स सोडलं आणि त्याच महिन्यात लिनक्स फाउंडेशनकडे व्हॅलकी हा फोर्क (त्याच कोडवरून फुटलेला वेगळा प्रकल्प) उभा राहिला.)

माझा कल व्हॅलकीकडे आहे. ते अजून बीएसडीवर आहे, त्यामुळे तिथला पॅच कॉपीराइटची नोंद ठेवून रेडिसवाले उचलू शकतात. उलट दिशेने ते जमत नाही. मग जिथून दोघांना मिळेल तिथेच का देऊ नये?

फुकट_फौजदार:
साफ असहमत. मे २०२५ मध्ये रेडिस ८ एजीपीएल या मुक्त लायसन्सखालीही आलं. मूळ लेखक साल्वातोरे सानफिलिप्पो त्याआधीच परतला होता. अजून किती नाकदुऱ्या काढायला लावणार त्यांना? आणि व्हॅलकीमागे ॲमेझॉन, गूगल, ओरॅकल. यांना तुमच्या फुकटच्या मेहनतीची गरज आहे? बीएसडी म्हणजे कुणीही यावं, टपली मारून जावं. एजीपीएलमध्ये निदान बदललेला कोड सर्व्हिस म्हणून चालवणाऱ्याला ते बदल वापरणाऱ्यांना द्यावे लागतात.

रिकामा_कर्नल:
फौजदार, ते बंधन तुम्हाआम्हाला, रेडिस कंपनीला नाही! रेडिसला पुल रिक्वेस्ट (बदल स्वीकारण्याची विनंती) पाठवताना सीएलए, म्हणजे योगदानाचा करार, मान्य करावा लागतो, आणि त्याने तुमचा कोड हव्या त्या लायसन्सखाली द्यायची मुभा कंपनीला मिळते. म्हणून तर तोच कोड तीन लायसन्सखाली निघतो. लिनक्स कर्नलमध्ये २००४ पासून साइन्ड-ऑफ-बायची (हा कोड द्यायचा हक्क मला आहे, अशी ग्वाही देणारी) एक ओळ पुरते. कोड ज्याचा त्याचाच राहतो, आणि इतके मालक असल्यामुळे लायसन्स बदलणं कुणा एकाच्या हातात उरत नाही.

फुकट_फौजदार:
छान. पण २०२४ आधी रेडिसला सीएलए नव्हताच, तरी लायसन्स बदललंच ना? बीएसडीने ती वाट आधीच मोकळी ठेवली होती. व्हॅलकीतही ती आहे.

रिकामा_कर्नल:
आहे, मान्य. फरक एवढाच की व्हॅलकी हे नाव एका कंपनीच्या खिशात नाही आणि मेंटेनरही, म्हणजे कोड सांभाळणारेही, वेगवेगळ्या कंपन्यांचे आहेत. लायसन्स बदलायचं तर सगळ्यांनी एकाच वेळी फिरायला हवं.

जुनी_शाखा:
लायसन्सवरून किती भांडाल? पॅच वाचणारा माणूस कुठे आहे ते बघा. २०११ मध्ये एफएफएमपेग या व्हिडिओ-ऑडिओच्या प्रकल्पातून लिबएव्ही फुटलं, डेबियन हे लिनक्स वितरण तिकडे गेलं आणि २०१५ मध्ये परतलं. मधल्या काळात एफएफएमपेगवाले लिबएव्हीचे बदल नेमाने आपल्या कोडमध्ये मर्ज करत होते, त्यामुळे लिबएव्हीला दिलेला पॅचही वाया गेला नाही. एका प्रकल्पाकडे (नाव नको) माझी पुल रिक्वेस्ट पडून पडून कुजली, लायसन्स मात्र अगदी सोवळं होतं.

सावकाश_मर्ज:
कॉपीराइट तुमचा आहे, दोन्हीकडे द्या की. मात्र बग कुठल्या भागात आहे? व्हॅलकी ८.१ मध्ये 'की' (डेटाची नावं) साठवण्यासाठी नवं हॅशटेबल आलं. तिथला असेल तर एकच पॅच दोन्हीकडे बसणार नाही.

आणि दुरुस्ती रेडिसची आताची फाइल समोर ठेवून लिहू नका, बीएसडीखालच्या ७.२ वरून लिहा. एप्रिल २०२४ मध्ये हॅशिकॉर्पने आपल्या टेराफॉर्म या सॉफ्टवेअरच्या ओपनटोफू या फोर्कला कोड उचलल्याची नोटीस धाडली होती. हा कोड जुन्या, मुक्त लायसन्सच्या टेराफॉर्ममधूनच आलाय, हे ओपनटोफूवाल्यांना फाइलींचा इतिहास मांडून दाखवावं लागलं.

अजून एक. लॉगिन न करता कुणीही बाहेरून ही लीक घडवू शकत असेल, तर पुल रिक्वेस्ट टाकूच नका. दोघांच्याही सुरक्षा पत्त्यावर खासगीत कळवा, नाहीतर दुरुस्तीच हल्ला कसा करायचा ते दाखवेल.

अर्धविराम:
रेप्लिकेशनच्या (एका सर्व्हरचा डेटा दुसऱ्यावर उतरवण्याच्या) कोडमध्ये आहे, बाहेरून नाही घडवता येत. व्हॅलकीला पॅच देते. रेडिसकडे सध्या इश्यू (बगची तक्रार) टाकते, सोबत टेस्ट. सीएलए नीट वाचल्याशिवाय मान्य करणार नाही.

फुकट_फौजदार:
टेस्ट हाही कोडच असतो, बाई. ती द्यायलाही सीएलए लागेल.

अर्धविराम:
मग बग कसा घडवायचा ते शब्दांत लिहिते. चार ओळी त्यांनी लिहाव्यात, पगार आहे त्यांना.