मदत हवी आहे : डेड कॅन डान्स कुठल्या क्रमाने ऐकवू?

धाकट्या बहिणीला डेड कॅन डान्स हा बँड ऐकवायचा आहे. लिसा जेरार्ड आणि ब्रेंडन पेरी ही जोडी १९८१ साली मेलबर्नमध्ये जमली, मग लंडनला गेली. १९८४चा पहिला अल्बम गिटारचा, काळोखा. १९९०च्या 'आयॉन'पर्यंत ते थेट मध्ययुगीन युरोपात पोचले. १९८७च्या अल्बमात एका बाजूला पेरी गातो, दुसऱ्या बाजूला जेरार्ड. मला तर पुढची ताटातूट तिथेच ऐकू येते. १९९८मध्ये ते वेगळे झाले (नंतर पुन्हा एकत्रही आले).

तिला पहिल्यापासून ऐकवू, की आधी त्यांचा 'इन्टू द लॅबिरिन्थ' हा अल्बम? आणि या फारकतीबद्दल दोघं मोकळेपणाने बोललेत अशी एखादी मुलाखत कुणाला ठाऊक आहे का?