मदत हवी आहे: ओहोटीच्या वेळी फेरीबोटीवर छोटी गाडी चढवण्याबद्दल

आम्ही नवरा-बायको दोघंच, दारव्ह्याहून. सोयाबीन निघालं की कापसाची वेचणी जोरात यायच्या आत निघू. ताम्हिणी घाटातून श्रीवर्धन, हरिहरेश्वर, मग किनाऱ्याकिनाऱ्याने गणपतीपुळे. परतताना आंबा घाट.

तीन ठिकाणी गाडी बोटीवर चढवायची आहे: बागमांडला–वेसवी, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड. गाडी सीएनजी हॅचबॅक. डिकीत टाकी असल्याने मागची बाजू आधीच दबलेली, सामान मागच्या सीटवर ठेवू. अडचण तारखांची आहे. आम्ही नेमके कार्तिकी पौर्णिमेच्या आसपास तिथे असू, आणि पौर्णिमेला ओहोटीचं पाणी जास्तच खाली जातं. तिकडे त्या दिवसांत भरती दुपारी १२-१ च्या सुमारास, म्हणजे सकाळ-संध्याकाळच्या फेऱ्या ऐन ओहोटीत येतात. तेव्हा धक्क्याचा उतार आणि बोटीची फळी यांच्यात कोन तयार होतो. बंपर किंवा मागचा सायलेन्सर घासायची भीती.

वेळापत्रक पाहिलं, धक्क्यावर फोनही केला. "गाडी जाते" एवढंच कळलं. पहिली बोट (बागमांडला–वेसवी) टाळायला आंबेत–म्हाप्रळ पुलाचा वळसा माहीत आहे, पण वेळ कमी आहे. तारखा बदलता येत नाहीत.

अशी गाडी ऐन ओहोटीत नेलेल्यांनी सांगा: तिन्हींपैकी कोणत्या धक्क्यावर घासते, आणि तिथे तिरकी चढवून भागतं की दुपारच्या भरतीपर्यंत थांबावंच लागतं?